पहिल्या खासगी वाहिनीचे केंद्र नेमके कोठे होते?

माध्यमांचा अभ्यास करणाऱ्या एका विद्यार्थिनीने मला तीन प्रश्न विचारले. झी टीव्ही ही भारतातली पहिली खासगी हिंदी उपग्रह वाहिनी १९९२ मध्ये सुरू झाली, तेव्हा प्रक्षेपणाचा अधिकार केवळ सरकारकडे होता. मग ती सुरू झालीच कशी? तिचे केंद्र आणि मनोरा कोठे होता? आणि ती बेकायदेशीर होती का? मी १९९१ च्या अखेरीपासून मुंबईच्या उपनगरांत केबलच्या कामात आहे. डिश बसवणे, कंट्रोल रूम उभी करणे, इमारतींवरून तार ओढणे या कामांत माझी उमेदीची सगळी वर्षे गेली. त्यामुळे या प्रश्नांची उत्तरे मी गच्चीवरून जे दिसले त्याच्या आधारे देत आहे, आणि कायद्याची बाजू त्या काळी आम्हाला रोज जेवढी भोगावी लागली तेवढी सांगणार आहे.

मधल्या प्रश्नापासून सुरुवात करणे सोयीचे आहे, कारण बाकीच्या दोन प्रश्नांची उत्तरे त्यातच दडलेली आहेत. दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वरळीला स्टुडिओ आणि उंच मनोरा, असे ते डोळ्यांना दिसणारे केंद्र होते. घराच्या छपरावरचा अँटेना वरळीच्या दिशेला वळवला की चित्र येत असे. त्यानंतर बरोबर वीस वर्षांनी, २ ऑक्टोबर १९९२ रोजी, झी टीव्हीचे प्रक्षेपण सुरू झाले. पुढे तिचे मुख्यालयही वरळीतच, अ‍ॅनी बेझंट रोडवरच्या काँटिनेंटल बिल्डिंगमध्ये आले. मात्र झीचा मनोरा मुंबईत नव्हता, महाराष्ट्रात नव्हता आणि भारतातही नव्हता. कार्यक्रम मुंबईत चित्रित होत, येथेच त्यांचे संकलन होई, आणि तयार झालेल्या टेप विमानाने हाँगकाँगला जात. तेथील भू-केंद्रावरून ते चित्र उपग्रहाकडे पाठवले जाई, उपग्रहावरून ते पुन्हा आपल्या गच्चीवर उतरे, आणि गच्चीवरून आमच्या तारेने घरात पोहोचे. वरळी ते परळ हे अंतर दोन-तीन किलोमीटरांचे आहे. तेवढ्यासाठी चित्र आधी हाँगकाँगला विमानाने जाई आणि मग सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरून परत येई.

हा द्राविडी प्राणायाम कोणी हौसेने केलेला नव्हता. १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाच्या चौथ्या कलमाने तारयंत्रणा उभारण्याचा आणि चालवण्याचा अनन्य अधिकार केंद्र सरकारला दिला होता, आणि त्या कायद्यातील तारयंत्रणेची व्याख्या इतकी व्यापक होती की आकाशवाणी आणि दूरचित्रवाणी तिच्यात सहज बसत. परवान्याशिवाय भारताच्या भूमीवरून उपग्रहाकडे चित्र पाठवणे म्हणजे थेट कायदेभंग होता. हाँगकाँग तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात होते आणि तेथून पाठवलेले चित्र आपल्या कायद्याच्या कक्षेत येत नव्हते. म्हणून प्रक्षेपणाची कंपनी हाँगकाँगमध्ये नोंदवलेली, तिचे नाव एशिया टुडे लिमिटेड, आणि कार्यक्रम तयार करून देणारी कंपनी मुंबईतली झी टेलिफिल्म्स, अशी विभागणी झाली. आपल्याकडे एखादा चित्रपट तयार होतो आणि परदेशी वितरकाला विकला जातो, तशीच कागदोपत्री ही देवघेव होती. कार्यक्रमांची निर्यात करायला मनाई नव्हती आणि आकाशातून येणाऱ्या लहरी सीमेवर अडवण्याची सोय कोणत्याच सरकारकडे नव्हती.

ज्या उपग्रहावर हे सगळे उभे राहिले, त्या एशियासॅट-१ ची कहाणी मी नव्या मुलांना काम शिकवताना नेहमी सांगतो. हा उपग्रह मुळात अमेरिकेतील एका कंपनीसाठी ह्यूजेसने बनवलेला वेस्टार-६. फेब्रुवारी १९८४ मध्ये चॅलेंजर या अंतराळयानातून तो सोडला गेला, परंतु त्याला वरच्या कक्षेत नेणारी मोटर नीट चालली नाही आणि तो खालच्या, निरुपयोगी कक्षेत अडकून पडला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी यानातून गेलेल्या जोसेफ अ‍ॅलन आणि डेल गार्डनर या अंतराळवीरांनी तो अक्षरशः हातांनी धरून यानात ठेवला आणि पृथ्वीवर परत आणला. पुढे त्याची दुरुस्ती झाली, हाँगकाँगच्या एशियासॅट कंपनीने तो घेतला, आणि ७ एप्रिल १९९० रोजी चीनमधील शिचांग येथून लाँग मार्च-३ अग्निबाणाने तो पुन्हा वर गेला. १०५.५ अंश पूर्व रेखांशावर उभ्या असलेल्या या दुरुस्त केलेल्या यंत्रावर सी-बँड या लहरींच्या पट्ट्यातले २४ ट्रान्सपाँडर, म्हणजे खालून आलेले चित्र पुन्हा पृथ्वीकडे पाठवणारे संच, होते आणि त्याच्या दक्षिणेकडील झोताखाली भारत येत होता. एका मोडक्या उपग्रहाने आपल्या देशातील दूरचित्रवाणीची चाल बदलली, ही गोष्ट मला आजही थक्क करते.

हाँगकाँगच्या ली का-शिंग यांच्या हचिसन समूहाने १९९१ मध्ये याच उपग्रहावरून स्टार टीव्हीच्या वाहिन्या सुरू केल्या. त्यांत स्टार प्लस, प्राइम स्पोर्ट्स, एमटीव्ही, बीबीसीची जागतिक सेवा आणि एक चिनी वाहिनी होती. हिंदी वाहिनी नव्हती. सुभाष चंद्र हे मूळचे हरियाणातील हिसारकडचे व्यापारी. तांदळाची निर्यात, मग टूथपेस्टच्या ट्यूब बनवणारा एस्सेल पॅकेजिंगचा कारखाना आणि १९८९ मध्ये गोराईचे एस्सेलवर्ल्ड, असा त्यांचा प्रवास झालेला होता. दूरचित्रवाणीचा अनुभव त्यांच्या गाठीशी नव्हता. हिंदी वाहिनीसाठी त्यांनी ट्रान्सपाँडर मागितला आणि त्यासाठी वर्षाला ५० लाख डॉलर मोजण्याची तयारी दाखवली. तेव्हाच्या दराने ही रक्कम तेरा-चौदा कोटी रुपयांच्या घरात जाते. १९९१ मध्ये देशाला सोने गहाण ठेवावे लागले होते आणि डॉलर मिळवणे हेच दिव्य होते, हे ध्यानात घेतले तर या आकड्याचे वजन कळते. प्रेक्षक किती मिळतील, जाहिरातदार येतील की नाही, यांपैकी काहीही ठाऊक नसताना लावलेला तो पैसा होता. सुभाष चंद्रांच्या पुढच्या व्यवहारांविषयी कोणाचे काहीही मत असो, हा निर्णय धाडसाचा होता, असे मी ठामपणे म्हणेन.

आता गच्चीवर येतो, कारण पुस्तकी इतिहासात हा भाग फार थोडक्यात उरकला जातो आणि माझ्या मते वाहिनीचे अर्धे केंद्र तेथेच होते. मुंबईतून एशियासॅट-१ पकडायचा तर डिशचे तोंड पूर्वेकडून थोडे आग्नेयेला, म्हणजे उत्तरेपासून मोजल्यास सुमारे ११७ अंशांवर, आणि क्षितिजापासून सुमारे ४७ अंश वर धरावे लागे. उपग्रहाचा झोत क्षीण असल्यामुळे दहा-बारा फुटांची जाळीची डिश लागत असे. बारा फुटी डिशची कड तीन सेंटीमीटर जरी सरकली तरी एक अंशाचा फरक पडतो, आणि तेवढ्याने चित्र जाते. आमच्याकडे सिग्नल मोजण्याचे यंत्र नव्हते. एक जण गच्चीवर पाना घेऊन डिशच्या मागे बसायचा, दुसरा जिन्यात, तिसरा खाली टीव्हीसमोर, आणि ‘मुंग्या कमी झाल्या, थांब, तिथेच थांब’ असा आवाज जिन्यातून वर यायचा. मग डिशच्या तोंडाशी बसवलेला, सिग्नल पकडणारा एलएनबी बोटाने हळूहळू फिरवून त्याचा कोन जुळवायचा, चित्र स्वच्छ झाले की बोल्ट आवळायचे, आणि आवळताना ते पुन्हा हलले तर सगळे पहिल्यापासून करायचे. पहिल्या पावसाळ्यात माझ्या हातून एक चूक झाली. डिशचा खांब गच्चीच्या स्लॅबमध्ये पुरेसा खोल रोवला नव्हता, आणि जूनमधल्या एका वादळी रात्री तो कलला. दुसऱ्या दिवशी सोसायटीतील प्रत्येक घराच्या पडद्यावर मुंग्याच मुंग्या होत्या आणि संध्याकाळपर्यंत माझ्या दारात माणसे उभी होती. तेव्हापासून मी खांबाला तीन बाजूंनी ताण दिल्याशिवाय गच्ची सोडली नाही.

आणखी एक गोष्ट त्या काळी आम्हाला कोणी समजावून सांगितली नव्हती. दर वर्षी मार्चच्या मध्यावर आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला काही दिवस सूर्य बरोबर उपग्रहाच्या मागून जातो आणि त्याच्या रेडिओ लहरी डिशमध्ये शिरून काही मिनिटे चित्र पुसून टाकतात. मुंबईत ही वेळ सकाळी दहाच्या आसपास येते. पहिल्यांदा ते घडले तेव्हा मी एलएनबी बदलला, तार बदलली, रिसीव्हर उघडून पाहिला, आणि तेवढ्यात चित्र आपोआप परत आले. झीचे मुख्य कार्यक्रम संध्याकाळचे असल्याने तिच्या प्रेक्षकांना याची झळ लागली नाही. क्रिकेटच्या प्रेक्षकांनी मात्र आम्हाला भरपूर ऐकवले.

डिशवर आलेले चित्र रिसीव्हरमधून मॉड्युलेटरमध्ये जाई आणि तेथून टीव्हीच्या एखाद्या चॅनेलच्या जागेवर बसवून तारेत सोडले जाई. येथे एक अडचण होती आणि झीच्या यशाचा विचार करताना ती विसरून चालत नाही. तेव्हा बहुतेक घरांत बटण फिरवून चॅनेल बदलण्याचा, टकटक आवाज करणारा संच होता. त्यात दोन ते बारा एवढ्याच जागा असत, आणि आमचे स्वस्तातले मॉड्युलेटर लगतच्या दोन जागांवर चालवले की एकाचे चित्र दुसऱ्यावर उमटे. म्हणजे प्रत्यक्षात पाच-सहा जागाच वापरता येत. त्यांतल्या दूरदर्शनच्या जागा सोडायच्या, एक जागा आमच्या स्वतःच्या व्हिडिओ चॅनेलला ठेवायची, कारण रात्री साडेनऊला व्हीसीआरवरून दाखवलेल्या चित्रपटासाठीच तर लोक मुळात जोडणी घेत होते. उरल्या दोन किंवा तीन. स्टारच्या पाच वाहिन्यांपैकी कोणत्या द्यायच्या आणि त्यांत झी कोठे बसवायची, हा निर्णय हाँगकाँगमध्ये किंवा वरळीत होत नव्हता. तो प्रत्येक गल्लीतील केबलवाला घेत होता. चिनी वाहिनी कोणालाच नको होती, म्हणून तिची जागा सगळ्यात आधी गेली. झीला जागा देताना आमच्यापैकी कोणी फार विचार केला असेल असे मला वाटत नाही, कारण स्टार पाहण्यासाठी जी डिश लावली होती तिच्यातच झी येत होती. तिच्यासाठी वेगळा खर्च नव्हता आणि तेव्हा तिचे सिग्नल विनामूल्य होते. वाहिनीचा खर्च जाहिरातींतून निघत असे. आमच्यासारख्या हजारो लोकांनी स्वतःच्या पैशाने, काहींनी बायकोचे दागिने मोडून, जी तार ओढली होती ती वाहिनीला आयती मिळाली. तिला ट्रान्सपाँडरचे भाडे देऊन उपग्रहापर्यंत जाता आले, परंतु घराच्या दारापर्यंतचा शेवटचा रस्ता तिचा नव्हता. म्हणूनच ‘पहिले खासगी केंद्र’ म्हणताना त्या शब्दात केबलवाल्याच्या कंट्रोल रूमचाही समावेश केला पाहिजे, असे मी आग्रहाने सांगतो.

प्रेक्षकांच्या बाजूने काय बदलले, हे आम्हाला महिन्याच्या वसुलीच्या वेळी कळत असे. १९९१ च्या आखाती युद्धात मोठ्या हॉटेलांत सीएनएन दिसले आणि डिशविषयी कुतूहल निर्माण झाले, हे खरे आहे. तरीही इंग्रजी वाहिन्यांमुळे जोडणी घेणारी घरे मोजकीच होती. आमच्या भागात आधी वडील आणि मुलगे क्रिकेटसाठी आग्रह धरत आणि आई खर्च नको म्हणत असे. झी सुरू झाल्यावर, विशेषतः १९९३ मध्ये ‘तारा’ ही मालिका, गाण्यांच्या भेंड्यांचा ‘अंताक्षरी’, रजत शर्मांचा ‘आप की अदालत’ आणि संजीव कपूर यांचा ‘खाना खजाना’ आल्यावर, पैसे देणारा हात बदलला. दार उघडणाऱ्या काकू स्वतःहून शंभराची नोट पुढे करत आणि ‘आमच्याकडे संध्याकाळी चित्र नीट येत नाही, आधी ते बघ’ म्हणून बजावत. लग्नाच्या वयातील मुली, नोकरी करणाऱ्या बायका, घटस्फोटाचा उघड उच्चार, हे विषय दूरदर्शनवर अगदीच येत नव्हते असे नाही, पण तेथे ते बोधाच्या सुरात येत. झीवर ते शेजारच्या फ्लॅटमधल्या गप्पांसारखे आले. त्यातील पुष्कळसे कार्यक्रम घाईत आणि कमी पैशांत बनवलेले होते, भिंती हलताना दिसत. पण मंडळींनी ते चालवून घेतले, आणि त्यांनी चालवून घेतले म्हणून वाहिनी तगली.

हे कार्यक्रम इतक्या लवकर तयार होऊ शकले त्याचे श्रेय एका अर्थाने दूरदर्शनकडेच जाते. १९८४ नंतर दूरदर्शनने प्रायोजित मालिका बाहेरच्या निर्मात्यांकडून घ्यायला सुरुवात केली होती. त्यामुळे अंधेरी-गोरेगावच्या पट्ट्यात चित्रीकरणाच्या जागा, संकलनाच्या खोल्या, मालिकेची सवय झालेले कॅमेरामन, ध्वनिमुद्रक, लेखक, नट अशी सगळी फळी आठ वर्षे तयार होत होती. त्या फळीला तोपर्यंत एकच गिऱ्हाईक होते आणि त्याच्या दारात मंजुरीसाठी वर्षानुवर्षे रांग लावावी लागत असे. दुसरे गिऱ्हाईक आले आणि काम हातोहात सुरू झाले. टेप विमानाने जात असल्यामुळे काही दिवसांचे कार्यक्रम आगाऊ तयार ठेवावे लागत. ताज्या बातम्या आणि थेट प्रक्षेपण या वाटेने शक्य नव्हते, आणि त्या काळातील झीचे स्वरूप निव्वळ करमणुकीचे राहिले त्याचे एक मोठे कारण हे तांत्रिक बंधन आहे.

आता कायदेशीरपणाचा प्रश्न. वाहिनी भारतीय कायद्याच्या बाहेर उभी होती, म्हणून तिच्यावर बोट ठेवता येत नव्हते. आम्ही मात्र कायद्याच्या आत उभे होतो आणि आमचीच स्थिती डळमळीत होती. १९९३ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने शिव केबल टीव्हीच्या प्रकरणात डिश आणि केबलची यंत्रणा तार अधिनियमाखाली येते आणि तिला परवाना लागतो, असे म्हटले. ती बातमी आमच्यापर्यंत पोहोचली तेव्हा पुढचे काही दिवस पोलिसांची गाडी दिसली की गच्चीकडे लक्ष जात असे. अखेर २९ सप्टेंबर १९९४ रोजी केबल दूरचित्रवाणी जाळ्यांच्या नियमनाचा अध्यादेश निघाला आणि १९९५ मध्ये त्याचा कायदा झाला. प्रधान डाकघरात ५० रुपये भरून नोंदणी करायची आणि दूरदर्शनच्या किमान दोन वाहिन्या दाखवायच्या, या अटींवर आम्हाला मान्यता मिळाली. टपाल कार्यालयाचा शिक्का असलेला तो कागद मी लॅमिनेट करून कंट्रोल रूमच्या भिंतीवर लावला होता. पुढे जिल्हाधिकारी कार्यालयाचे करमणूक कर निरीक्षक जोडण्या मोजायला येऊ लागले, ते प्रकरण वेगळे.

यानंतरचा निकाल अधिक मोलाचा आहे. नोव्हेंबर १९९३ मधील हीरो करंडक स्पर्धेच्या प्रक्षेपणावरून क्रिकेट असोसिएशन ऑफ बंगाल आणि माहिती व प्रसारण मंत्रालय यांच्यात वाद झाला, आणि ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की वायुलहरी, म्हणजे प्रक्षेपणाच्या लहरी, ही सार्वजनिक मालमत्ता आहे, तिच्यावर सरकारची मक्तेदारी असू शकत नाही आणि तिचे नियमन स्वतंत्र सार्वजनिक प्राधिकरणाने केले पाहिजे. हा निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. खासगी वाहिन्यांच्या मालकांनी या निकालाचा पूर्वार्ध उचलून धरला आणि उत्तरार्ध मागे पडला. लहरी लोकांच्या आहेत म्हणजे त्या व्यापाऱ्यांच्या आहेत असे न्यायालयाने म्हटलेले नाही, आणि विद्यार्थ्यांनी हा निकाल मुळातून वाचावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

भांडवलाची कहाणी थोडक्यात सांगून टाकतो. जुलै १९९३ मध्ये रुपर्ट मरडॉक यांच्या न्यूज कॉर्पोरेशनने ५२.५ कोटी डॉलर देऊन स्टारचा ६३.६ टक्के हिस्सा घेतला आणि वर्षअखेरीस एशिया टुडेचा जवळजवळ अर्धा हिस्साही त्यांच्याकडे गेला. एकाच घरात दोन भागीदार आणि दोघांनाही हिंदी प्रेक्षक हवा, अशी ती स्थिती होती. स्टार प्लसवर हिंदी कार्यक्रम वाढू लागले तसे वाद कोर्टापर्यंत गेले, आणि १९९९ मध्ये झीने तो हिस्सा परत विकत घेतला. दरम्यान १४ एप्रिल १९९३ रोजी चेन्नईहून तमिळ सन टीव्ही आणि त्याच वर्षी मल्याळम एशियानेट सुरू झाले होते. मराठीला खासगी वाहिनीसाठी १५ ऑगस्ट १९९९ पर्यंत थांबावे लागले. त्या दिवशी झी समूहाची अल्फा मराठी आली, जिला २००५ पासून आपण झी मराठी म्हणतो. ज्या मुंबईत हिंदी वाहिनी घडली त्याच मुंबईच्या भाषेला सात वर्षे उशीर झाला, याची खंत मला त्या काळीही होती. मराठी घरे हिंदी मालिका पाहतातच, मग वेगळा खर्च कशाला, हे उत्तर आम्ही केबलवाले जाहिरातवाल्यांकडून अनेकदा ऐकले होते. अल्फा सुरू झाल्यावर गिरणगावातल्या चाळींतून तिची मागणी करणारे इतके निरोप आले की ते उत्तर आठवड्याभरात खोटे ठरले.

भारताच्या भूमीवरून खासगी वाहिन्यांना उपग्रहाकडे चित्र पाठवण्याची मुभा टप्प्याटप्प्याने मिळाली: आधी विदेश संचार निगम या सरकारी दूरसंचार कंपनीच्या भू-केंद्रामार्फत आणि मग जुलै २००० च्या धोरणाने स्वतःचे भू-केंद्र उभारून. त्यामुळे ‘केंद्र’ हा शब्द काटेकोरपणे वापरायचा झाला तर भारतात उभे असलेले, परवाना असलेले खासगी दूरचित्रवाणी केंद्र २००० च्या आसपासचे धरावे लागेल. १९९२ मध्ये सुरू झाली ती वाहिनी, आणि तिचे केंद्र वरळी, हाँगकाँग, १०५.५ अंश पूर्व आणि आमच्या गच्च्या यांत विभागलेले होते. एशियासॅट-१ ची जागा १९९९ मध्ये त्याच रेखांशावर आलेल्या एशियासॅट-३एस ने घेतली, म्हणून आम्हाला डिश फिरवाव्या लागल्या नाहीत.

अभ्यासासाठी आणखी कोठे पाहावे, असेही तिने विचारले होते. कंपन्यांचे अहवाल आणि न्यायालयाचे निकाल मिळतीलच. त्याखेरीज जुन्या केबलवाल्यांकडे वसुलीच्या वह्या आहेत: लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याच्या, इमारतीगणिक पाने पाडलेल्या. कोणत्या चाळीत पहिली जोडणी कोणत्या महिन्यात गेली, कोणी दोन महिन्यांत बंद केली, दिवाळीनंतर कोणत्या मजल्यावर एकाच आठवड्यात पाच नावे चढली, हे सगळे त्यांत शाईने लिहिलेले आहे. माझ्या चार वह्या शाबूत आहेत आणि पाहायला देण्यात मला आनंद वाटेल. माझ्याबरोबर काम सुरू केलेल्या कित्येकांनी धंदा विकला तेव्हा त्या रद्दीत दिल्या, त्यामुळे ज्यांच्याकडे उरल्या आहेत त्यांच्यापर्यंत लवकर पोहोचणे आवश्यक आहे.